तिच्या पायाशी ठेवलेला स्पीकर

बँडमध्ये मी बेस गिटार वाजवतो. हे वाद्य वाजत असतं तेव्हा कोणाच्या लक्षात येत नाही, आणि बंद पडलं तर काहीतरी बिघडलंय एवढंच लोकांना कळतं. माझी नोकरी हिंजवडीत, दुसऱ्यांनी लिहिलेल्या सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधण्याची. ही सवय घरीही सुटत नाही, असं बायको म्हणते. बँडने मात्र या सवयीचा फायदा करून घेतला. स्टेजवर कोणाला काय ऐकू येतं आणि काय येत नाही हे बघायचं काम त्यांनी मला न विचारता माझ्या गळ्यात घातलं.

लोकांना ऐकू येणारं गाणं आणि स्टेजवर ऐकू येणारं गाणं या दोन वेगळ्या गोष्टी असतात. मोठे स्पीकर लोकांकडे तोंड करून उभे असतात. त्यांच्या मागे आम्ही. तिथे पोचतो तो नुसता गढूळ गडगडाट. म्हणून गाणाऱ्याच्या पायाशी एक छोटा, तिरका स्पीकर ठेवतात, त्याचं तोंड गाणाऱ्याकडे. तो मॉनिटर. त्यातून गाणाऱ्याला स्वतःचा आवाज ऐकू येतो. तो नीट नसेल तर चांगला गळाही अंधारात जिना उतरल्यासारखा चाचपडायला लागतो.

आमची गायिका परभणीकडची. चाळिशी ओलांडलेली, हिंजवडीतच एका कंपनीत माणसं नेमण्याच्या कामावर, लहानपणी रीतसर गाणं शिकलेली. तिची पट्टी काळी चार. म्हणजे पेटीवरची चौथी काळी पट्टी, तिथे तिचा सा. बायकांच्या आवाजासाठीही ही उंच पट्टी, आणि नव्या माणसाला ती हे पहिल्या पाच मिनिटांत सांगायची. शाळेच्या स्नेहसंमेलनापासून काळी चार. पट्टीची आम्ही कधी चर्चा केली नाही. ती रक्तगटासारखी असते असं आम्ही धरून चाललो होतो, एकदा सांगितली की संपलं.

गेली दोनेक वर्षं मात्र वरच्या सुरांना ती किंचित खाली राहत होती. फार नाही. पण लग्नाच्या फोटोत एकाचा फेटा वाकडा असावा तसं ते तेवढंच डोळ्यात भरायचं. दर वेळी ती माझ्याकडे वळून अंगठा वर करायची. अर्थ ठरलेला : मॉनिटर वाढव. मी ध्वनीवाल्याला खूण करायचो, तो वाढवायचा, मॉनिटर शिट्टी मारायचा, लोक कानावर हात ठेवायचे. सूसच्या एका सोसायटीच्या गणपतीत हे झालं. तिथे निदान मुलं धावत होती, कोणाचं लक्ष नव्हतं. मग तिच्याच कंपनीच्या कार्यक्रमात झालं आणि कोणीतरी नेमका तोच सूर मोबाईलवर टिपला. दुसऱ्या दिवशी ती क्लिप ऑफिसच्या ग्रुपवर होती, खाली हसून हसून डोळ्यांत पाणी आलेले पिवळे चेहरे.

त्यानंतरच्या सरावाला ती वेळेवर आली. चहा प्याली. म्हणाली, "पुढच्या कार्यक्रमात मला माझा आवाज नीट ऐकू आला तर ठीक. नाहीतर मी थांबते. तुम्ही दुसरी बघा."

ड्रमर काठ्या पुसत बसला. कीबोर्डवाला म्हणाला, "मॉनिटरचाच प्रॉब्लेम आहे." मलाही तसंच वाटत होतं. स्पष्ट सांगायचं तर हे सगळं मी स्वतःवर घेतलं. एका माणसाचं गाणं एका स्पीकरमुळे बंद पडणार असेल तर तो स्पीकर मी सरळ करणार होतो. माझ्या कामात असंच असतं. चूक दाखवा, मी शोधून काढतो.

सरावाची जागा मारुंजीत. पूर्वी तिथे गोठा होता. आता घरमालकांनी गोठ्याच्या जागी भाड्याच्या खोल्यांची चाळ काढली आहे आणि सगळ्यात मागची, खिडकी नसलेली खोली आम्हाला दिली आहे, कारण ती दुसरं कोणी घेत नाही. घरमालकांना सगळे तात्या म्हणतात. जुने बागाईतदार, बोलणं थेट. एकदा ते दारात उभं राहून आमचं एक अख्खं गाणं ऐकत राहिले आणि म्हणाले, "वरीसभर आमच्या डोक्यावर वाजवताय. आता जत्रंला देवाम्होरं वाजवा."

तर पुढचा कार्यक्रम हा. चैत्रातली गावची जत्रा, देवळासमोरचं पटांगण, संध्याकाळची वेळ. तात्या कमिटीत होते, त्यामुळे नाही म्हणायची सोय नव्हती. गायिका म्हणाली, "चालेल." एवढंच.

मी तयारी केली. सरावात एक गोष्ट ध्यानात आली होती. स्टेजवरचा प्रत्येक जण फक्त वाढवायला सांगतो. ड्रमरला ड्रम जास्त हवा, कीबोर्डवाल्याला कीबोर्ड, मला बेस. कमी कर, असं म्हणणारा माणूस मी अजून पाहिलेला नाही, आणि त्यात मीही आलो. त्यामुळे सगळे मिळून जो कालवा करतात त्यात सगळ्यात नाजूक वाद्य, म्हणजे गळा, बुडतो. मी नियम केला. तिच्या मॉनिटरमध्ये फक्त तिचा आवाज आणि सुरासाठी चिमूटभर कीबोर्ड. ड्रम नाही. बेस अजिबात नाही. ड्रमरने जाड काठ्या घरी ठेवायच्या. ड्रमर रुसला. तो सांगलीचा आहे आणि त्याचं रुसणं दोन सराव टिकतं.

जत्रेच्या दिवशी दुपारी आम्ही पोचलो तेव्हा स्टेज बांधून झालं होतं. त्याचं तोंड देवळाकडे होतं. मध्ये पटांगण, लोक तिथे बसणार, त्यांच्या पाठीमागे देऊळ. देवळाचा सभामंडप नवा, गावात जमिनींना भाव आल्यानंतर बांधलेला. खाली गुळगुळीत ग्रॅनाइट, भिंतींना छतापर्यंत चकचकीत फरशा. कीबोर्डवाल्याने माईकवर "हॅलो" म्हटलं. हॅलो देवळात गेलं, तिथे फिरून आलं आणि थोड्या वेळाने आमच्या तोंडावर येऊन आदळलं. मी हात टेकले. अशा ठिकाणी मॉनिटरमधला स्वच्छ आवाज आणि देवळातून परत आलेला शिळा आवाज एकमेकांत मिसळतात, आणि गाणाऱ्याला कोणता आपला हे कळेनासं होतं.

मी तात्यांना गाठलं. स्टेज जरा आडवं करता येईल का, विचारलं.

"न्हाई," तात्या म्हणाले.

"थोडंसंच, तात्या. आवाज देवळातून परत येतोय."

"देवळात ग्येला न्हवं? मग झालं की. कार्यक्रम देवाचा हाय. लोक काय, संगं बसून ऐकत्यात. वाजवणाऱ्याची देवाकडं पाठ न्हाई आन् कूसबी न्हाई. तोंड तोंडाम्होरं पायजे."

खरं तर मला ते पटलं. आम्ही सोसायट्यांमध्ये ज्यांच्यासाठी वाजवतो ते जेवणाच्या रांगेकडे तोंड करून बसतात. इथे निदान ऐकणारा जागचा हलणार नव्हता.

"भिंतींवर काही टांगलं तर चालेल?" मी विचारलं. "सतरंज्या वगैरे. फरशी झाकली की आवाज कमी उसळतो."

तात्यांनी थोडा विचार केला. "भिताडं झाका. देवाला झाकायचं न्हाई."

मग कमिटीच्या खोलीतून सतरंज्या निघाल्या. लग्नांच्या, सप्त्याच्या, कुठल्या कुठल्या निवडणुकीच्या सभेच्या. कमिटीच्या माणसांनी त्या सभामंडपाच्या दोन्ही बाजूंना सुतळीने टांगल्या. नव्या कोऱ्या सभामंडपाची ती दशा बघून एक म्हातारे गृहस्थ नाक मुरडून गेले. पण पुन्हा हॅलो म्हटलं तेव्हा निम्मंच परत आलं.

त्या आनंदात आम्ही तात्यांच्या घरी चहाला गेलो. परत आलो तर गायिकेच्या पायाशी ठेवलेला मॉनिटर आणि आमच्यासाठीचे बाकीचे दोन, असे तिन्ही लोकांकडे तोंड करून ओळीत उभे. कमिटीतल्या एकाने ते फिरवले होते आणि तो हात झटकत समाधानाने बघत होता.

"हे कोणी केलं?" मी जरा चढ्या आवाजात विचारलं.

"म्या. उलटं ठेवलं हुतं तुमी," तो म्हणाला. "लोक तिकडं बसत्यात आन् पेट्यांची तोंडं तुमच्याकडं. बरं झालं ध्यानात आलं."

"ते आमच्यासाठीच असतात."

त्याने माझ्याकडे नीट पाहिलं. चेष्टा नव्हती, त्याला खरोखर प्रश्न पडला होता. "तुमीच गाणार, आन् तुमालाच ऐकवायचं? तुमचं तुमी ऐकून काय करायचंय?"

ड्रमर खो खो हसला. मी उत्तर द्यायला गेलो आणि अडकलो. मॉनिटर कशासाठी असतो हे मी तोवर अनेकांना सांगितलं होतं, पण या प्रश्नाला ते उत्तर लागू होईना. शेवटी गायिकाच म्हणाली, "दादा, चुकतंय का ते कळायला." त्याला ते पटलं. "मग ऱ्हाऊ द्या," म्हणाला आणि तिन्ही मॉनिटर स्वतः परत फिरवून दिले.

दिवे लागले. लोक यायला लागले. पुरुष पटांगणात, आणि बायका सभामंडपात, कारण तिथे पंखे होते आणि बसायला स्वच्छ. त्या दाटीवाटीने बसल्या, मुलांना मांडीवर घेऊन, नवी लुगडी, पदर डोक्यावर. उरलेला घुमारा त्या सगळ्यांनी मिळून पिऊन टाकला. माणसांइतकं आवाज शोषणारं दुसरं काही नाही हे मी वाचलं होतं. अनुभवलं ते मात्र त्या संध्याकाळी. पहिलं गाणं सुरू झालं आणि स्टेजवर मला तिचा प्रत्येक शब्द सुटा, कोरडा ऐकू आला. माझ्या इतक्या वर्षांच्या वाजवण्यात इतकं स्वच्छ स्टेज मला मिळालेलं नव्हतं. माझा बेस मला जेमतेम ऐकू येत होता आणि मला त्याचं काही वाटलं नाही.

तिने माझ्याकडे बघितलं. अंगठा वर केला नाही. नुसती मान हलवली. मी मनात म्हटलं, जिंकलो.

पहिली काही गाणी मधल्या सुरांतली होती. ती छान गेली. पुढे बसलेले तात्या मांडीवर ताल धरून होते. मग गोंधळाचं गाणं आलं. जत्रेत ते घ्यावंच लागतं आणि त्याची सगळी गंमत सुरुवातीच्या हाकेत असते. वाद्यं थांबतात, गाणारा एकटा देवीला हाक मारतो, उंच, लांब, आणि ती हाक वर टिकली की संबळाच्या ठेक्यावर सगळं सुरू होतं. लोक या हाकेचीच वाट बघत असतात.

तिने हाक घेतली. वर गेली, आणि जिथे पोचायचं त्याच्या जरा अलीकडे थांबली.

आजवर असं झालं की आम्ही तिघं लगेच वाद्यं सुरू करून ते झाकत असू. हे कधी ठरवलेलं नव्हतं, हाताला तशी सवय झाली होती. या वेळी ड्रमरने काठ्या उचललेल्या होत्या, पण तिने हात वर करून त्याला थांबवलं. मी घाईने ध्वनीवाल्याकडे बघितलं, मॉनिटर ठीक होता. मी पुन्हा तिच्याकडे बघितलं, अंगठ्याची वाट बघत. पण ती माझ्याकडे वळलीच नाही. तिने एकदा खाली, पायाशी ठेवलेल्या स्पीकरकडे पाहिलं, एखाद्याने तोंडावर खरं सांगितल्यावर आपण त्याच्याकडे बघतो तसं. सभामंडपातलं एक मूल रडलं आणि कोणीतरी त्याला गप्प केलं.

मग ती कीबोर्डवाल्याकडे वळली आणि माईकपासून तोंड बाजूला करून म्हणाली, "काळी तीन."

त्याला कळलं नाही. त्याने नुसते ओठ हलवून विचारलं, काय?

"काळी तीन दे. खाली घे."

काळी चारवरून काळी तीन, म्हणजे मधली पांढरी धरून दोन पट्ट्या खाली. हे उतरणं ऐकणाऱ्याला एरवी कळणारही नाही. कीबोर्डवाल्याला एक बटण दाबायचं होतं, मला डावा हात बेसच्या दांडीवर दोन पडदे मागे न्यायचा होता. तरी आमच्यापैकी कोणाचाही हात चटकन हलला नाही. पुढे बसलेले तात्या ओरडले, "घ्या की बाई, निवांत घ्या."

तिने निवांत घेतलं. हाक पुन्हा मारली, खालच्या सा वरून. ती वर गेली, पोचली, आणि तिथेच उभी राहिली. आवाज जाड होता, जरासा खरबरीत, मी तो आधी ऐकलेला नव्हता. सुराच्या बरोबर मध्यावर होता. सभामंडपातल्या बायकांनी देवीच्या नावाचा उदो केला, आणि ड्रमरने असा काही ठेका धरला की त्या बारीक काठ्या मोडतील असं मला वाटलं. मी वाजवत होतो आणि माझे डोळे भरून आले होते. ध्वनीवाल्याने ते बघितलं असावं, तो दुसरीकडे बघायला लागला.

त्यानंतरची सगळी गाणी आम्ही काळी तीनमध्ये वाजवली. दोनदा मी चुकीच्या जागी बोट ठेवलं. कोणाला कळलं नाही.

जेवणं झाली. तिला बावधनला सोडायचं होतं, म्हणून ती माझ्या गाडीत बसली. हिंजवडीच्या बाजूने कंपन्यांच्या कॅबची रांग लागली होती, शिफ्ट सुटायची वेळ. ती काच खाली करून त्या रांगेकडे बघत राहिली. मग म्हणाली, "मॉनिटर मस्त होता."

"हो," मी म्हटलं. मला अजून शाबासकी हवी होती, हे कबूल.

"इतकं स्वच्छ मला कधीच ऐकू आलं नव्हतं. सूर वर जातच नव्हता. मला वाटायचं जातोय, नीट ऐकू येत नाहीये."

मी गिअर बदलला.

"तुला कळत होतं?" तिने विचारलं.

"नाही. मला खरंच मॉनिटरचा दोष वाटत होता."

"कीबोर्डवाल्याला?"

"तोही तेच म्हणायचा."

"आणि ड्रमरला?"

"त्याला स्वतःचा ड्रम सोडून काही ऐकू येत नाही."

ती हसली. मोठ्याने, बऱ्याच दिवसांनी. आणि हसता हसता रडायला लागली. मी गाडी रस्त्याच्या कडेला घेतली. मागच्या कॅबने हॉर्न वाजवला आणि कट मारून पुढे गेली. मी पाण्याची बाटली पुढे केली.

ती पाणी प्याली. म्हणाली, तिची आई गावच्या भजनी मंडळात गायची. मंडळाची पट्टी ठरलेली, पेटीवाला त्याच पट्टीत सुरू करायचा. चाळिशीनंतर आईचा आवाज वर पोचेना. ती आधी दुसऱ्या ओळीत बसायला लागली, मग मागे भिंतीशी, मग टाळ वाजवायला लागली. मग घरीच. देवपूजेलासुद्धा गुणगुणली नाही परत. गळा गेला, असं ती सगळ्यांना सांगते, आणि घरात सगळ्यांनी ते मान्य केलं. आपलंही तसंच होणार हे गायिकेला मागची दोन वर्षं रोज वाटत होतं.

"आवाज काही गेला नव्हता तिचा," ती म्हणाली. बाटलीचं झाकण ती लावत होती आणि ते लागत नव्हतं. "दोन पट्ट्या खाली आला होता, बस. तिला कधी कोणी विचारलंच नाही, तू कुठल्या पट्टीत गाशील."